काजू आपल्याकडे केव्हा आला?

कोकणातल्या आणि गोव्यातल्या डोंगरउतारांवर काजूची झाडे इतकी रुळली आहेत, की ती परदेशी आहेत हे मुलांना खरे वाटत नाही. पुस्तकात एक वाक्य असते : पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू भारतात आणला. वाक्य बरोबरच आहे. पण हे कशावरून कळले, असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला तर? चला, आपणच पुरावे तपासून पाहू.

पहिला पुरावा शब्दाचा. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तुपी लोक या फळाला 'अकाजू' म्हणत. त्याचे पोर्तुगीजांनी 'काजू' केले, आणि मराठीत तोच शब्द राहिला. मल्याळममध्ये या झाडाचे एक नाव 'परंगी मावू' आहे, म्हणजे फिरंग्यांचा आंबा. झाड कोणी आणले हे नावातच नोंदले गेले आहे.

पण केव्हा? इथे दोन वैद्य मदतीला येतात. गार्सिया द ओर्टा 1534 साली गोव्यात आला. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे त्याचे पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापले गेले. त्यात बिब्ब्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि इथले लोक त्याला 'बिबो' म्हणतात अशी नोंदही आहे. बिब्बा हा काजूचा जवळचा नातेवाईक. असे असूनही काजूचा उल्लेख मात्र नाही. दुसरा वैद्य क्रिस्टोव्हाओ दा कोस्टा. तो 1568 मध्ये भारतात आला. त्याच्या 1578 च्या पुस्तकात काजूचे वर्णन आहे, आणि हे झाड त्याने कोचीनच्या बागांमध्ये पाहिले होते.

यावरून काजू 1563 ते 1578 या काळातच आला असे म्हणावे का? नाही. ओर्टाने लिहिले नाही म्हणजे झाड नव्हतेच, असे सिद्ध होत नाही. कदाचित त्याच्या पाहण्यात आले नसेल. एवढेच खात्रीने सांगता येते, की 1578 च्या आधी काजू इथे पोचला होता, पण तेव्हा तो सर्वत्र पसरलेला नसावा.

आता आणखी एक वाक्य तपासू. जमिनीची धूप थांबवण्यासाठी पोर्तुगीजांनी काजू लावला, असे अनेकदा लिहिले जाते. काजू उजाड, मुरमाड जमिनीत वाढतो, म्हणून ते पटतेही. पण दा कोस्टाला झाड दिसले ते बागेत. फ्रेंच प्रवासी आंद्रे थेवे याच्या 1557 च्या पुस्तकात ब्राझीलचे लोक फळे तोडून रस काढताना दाखवले आहेत. म्हणजे सुरुवातीला ओढ होती ती फळाची, असे आम्हाला वाटते.

हे फळ म्हणजे आपला बोंडू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो फळ नाहीच. तो फुगलेला देठ. खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी काजूबी, आणि तिच्यातली बी म्हणजे काजूगर. बीच्या टरफलात कातडी भाजणारे तेल असते. बिब्बाही असाच उततो. लिनियसने 1753 मध्ये काजूला 'अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले' हे नाव दिले. त्यातला पहिला शब्द जुने युरोपी वैद्य बिब्ब्यासाठी वापरत, आणि दुसऱ्याचा अर्थ पश्चिमेकडचा.

या तेलामुळे काजूगर सहज हाती लागत नाही. काजूगराची मोठी निर्यात सुरू झाली ती 1920 नंतरच्या दशकात, केरळातल्या कोल्लमहून अमेरिकेला. त्यासाठी बिया भाजून फोडायचे काम मुख्यतः बायकांनी केले. तेलाने बोटे काळी पडत, सोलवटत. मिठाईवरच्या काजूच्या इतिहासात या हातांचीही नोंद हवी. वैद्यांच्या पुस्तकांत ती सापडणार नाही.

काजूच्या गावातल्या शाळेला मात्र ती करता येईल. कारखान्यात काम केलेल्या आज्यांना मुलांनी भेटावे. त्या काय सांगतात ते लिहून घ्यावे, आणि शेजारी एक रकाना ठेवावा : 'हे कशावरून?'