पॅरिसची मंडई आणि तिचे हमाल

पॅरिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी मनोरा, चित्रकार आणि राज्यक्रांती उभी राहते. मला मात्र आज त्या शहराच्या मंडईविषयी बोलावयाचे आहे. हमालांत आयुष्य काढलेल्या माणसाने दुसरा विषय निवडावा तरी कोणता? ही मंडई आठशे वर्षे शहराच्या मध्यावर नांदली. 1969 साली ती तेथून उठविण्यात आली. 1971 साली तिच्या इमारती पाडण्यास आरंभ झाला. त्या जागी जमिनीच्या पोटात एक दुकानांचे संकुल आले आणि तीस-बत्तीस वर्षे होतात न होतात तोच त्याच्याही वरच्या भागावर घण पडला. एकाच जागेवर दोनदा पाडापाडी झाली. ती कशासाठी झाली, आणि जे उठले त्यांच्याबरोबर काय गेले, एवढेच पाहावयाचे आहे.

फ्रेंच लोक ह्या बाजाराला ‘ले आल’ म्हणत. 1137 च्या सुमारास सहाव्या लुईने वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेत बाजार आणला, आणि 1183 मध्ये राजा फिलिप ऑगस्टने तेथे छपरे उभारली. पुढे शहर वाढले व वेशीबाहेरचा बाजार आपोआप शहराच्या पोटात आला. 1789 च्या ऑक्टोबरात भाकरीच्या मागणीसाठी व्हर्सायवर चालून गेलेल्या स्त्रियांत ह्याच बाजारातल्या बायका पुढे होत्या. राजाला त्यांनी पॅरिसला आणले. बाजारातल्या बायका एकदा पदर खोचून निघाल्या की काय होते, हे कोणत्याही गावच्या मंडईत वावरलेल्यास सांगावयास नको.

आपण जिला ‘जुनी मंडई’ म्हणून चित्रांत पाहतो ती मात्र एकोणिसाव्या शतकातली. व्हिक्टर बाल्टार ह्या वास्तुशिल्पज्ञाने आपला सहकारी काले ह्याच्यासह प्रथम एक दगडी इमारत उठविली. ती इतकी जाडजूड झाली की लोकांनी तिला ‘मंडईचा फोर’ म्हणून हिणविले. फ्रेंच भाषेत ‘फोर’ म्हणजे किल्लाही आणि बलवान माणूसही. मंडईतल्या हमालालाही ‘फोर’च म्हणत. थट्टा अशी दुहेरी होती. 1853 साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते काम थांबविले व लोखंडाची छत्रीसारखी हलकी छपरे हवीत असे फर्माविले. दगडावर विश्वास असलेल्या बाल्टारने मग लोखंड आणि काच ह्यांचेच मंडप उभे केले. 1874 पर्यंत असे दहा मंडप झाले, आणि उरलेले दोन 1936 मध्ये पुरे झाले. भाजीचा मंडप वेगळा, मासळीचा वेगळा, लोणी-चीज, अंडी-कोंबड्या, मांस ह्यांचे वेगळे, खाली तळघरे. एमिल झोलाची 1873 ची कादंबरी ह्याच बाजारावर आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘पॅरिसचे पोट’ असा होतो.

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट 1869 चे, पुण्याची मंडई 1886 ची. काळ एकच आणि हौसही तीच. पुण्याच्या मंडईवर एवढा पैसा घालण्यास नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. हा पैसा आधी शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच इमारतीला, आणि मुंबईच्या इमारतीलाही, फुल्यांचेच नाव दिले गेले.

आता हमालांकडे येऊ. मंडपाच्या आतला माल उतरविण्याचा हक्क परवानाधारक ‘फोर’ मंडळींचा होता. परवाना मिळणे सोपे नव्हते. उमेदवार फ्रेंच नागरिक हवा, पोलिसांकडे त्याच्या नावाची वाईट नोंद नको, उंची किमान 1.67 मीटर हवी, आणि 200 किलोचे ओझे घेऊन 60 मीटर चालून दाखवावयाचे. दोन क्विंटल! आपल्याकडे शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारे पुष्कळ आहेत. पण त्यांची परीक्षा कोणी घेत नाही आणि त्यांस बिल्लाही कोणी देत नाही. ‘फोर’च्या डोक्यावर रुंद काठाची टोपी असे, तिच्या आत वजन पेलण्यासाठी शिशाची चकती. ती त्यांची चुंबळच म्हणावयाची. बिल्ला, टोपी आणि नोंदवही ह्या तिहींमुळे तो हमाल कोणा आडत्याचा गडी राहिला नव्हता. तो बाजाराचा माणूस होता. 1 मे रोजी ‘म्युगे’ नावाची पांढरी घंटाफुले राष्ट्राध्यक्षांस नेऊन देण्याचा मान मंडईवाल्यांचा, आणि त्यांत हे ‘फोर’ पुढे असत. कामगार दिनी राष्ट्राध्यक्षाने हमालाच्या हातून फुले घ्यावीत, ह्या रीतीत थोडे नाटक असेल. पण आपल्याकडे तेवढे नाटकही कोणी केले नाही.

परंतु बिल्ला होता तो मंडपाच्या आत. बाहेर रस्त्यांवर भाज्यांचे ढीग लागत. तेथे हातगाड्या ओढणारे, रात्रीपुरते काम धरणारे, पहाटे उरलासुरला माल वेचणारे अशांची वेगळी दुनिया होती. त्यांची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. मध्यरात्रीनंतर आसपासच्या खाणावळींत कांद्याचे सूप मिळे. हमाल आणि नाटकाहून परतणारे शौकीन एकाच ठिकाणी ते पीत. ह्या सूपावर फार लिहिले गेले आहे. पुण्यात हमाल पंचायतीने 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तिच्यावर मानाने फारच थोडे.

मंडई हलविण्याची कारणे खोटी नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. शहराची वस्ती वाढली, ट्रक आले, रस्ते मात्र मध्ययुगातलेच राहिले. रात्रभर गाड्या अडत आणि सकाळी वाहतूक खुंटे. उंदरांचा सुळसुळाट होता. माल आधी शहरात यावयाचा आणि तेथून पुन्हा बाहेरच्या वस्त्यांत जावयाचा, असा उलटा खर्च होता. 1959 साली सरकारने स्थलांतराचा निर्णय घेतला. पॅरिसच्या वेशीपासून दक्षिणेस सुमारे सात किलोमीटरवर, ओर्ली विमानतळाजवळ, रुंजिस येथे दोनशेहून अधिक हेक्टरांवर नवा बाजार बांधण्यात आला. 1969 च्या फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी, दोन-तीन दिवसांत, सुमारे एक हजार घाऊक पेढ्या, वीस हजार माणसे, पाच हजार टन माल आणि दीड हजार ट्रक असा तो संसार हलला. मांसाचा व्यापार मागे राहिला होता, तो 1973 मध्ये गेला. अशा कामात एवढी शिस्त आपण क्वचितच पाहतो.

रुंजिस हा ट्रकांसाठी बांधलेला बाजार. तेथे धक्का गाडीच्या पाठीच्या उंचीचा आणि मालाची चळत उचलावयास यंत्र. दोन क्विंटल डोक्यावर घेण्याची गरजच उरली नाही. ह्यात हळहळण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. पन्नाशीत ज्याचे मणके दबले आहेत अशा हमालास विचारा. तो यंत्राला शिव्या देणार नाही. यंत्र आल्यावर माझे नाव कोणत्या वहीत राहते, एवढेच तो विचारील. ‘फोर’जवळ निदान बिल्ला होता. हातगाडीवाल्याजवळ दाखविण्यासारखे काय होते?

रिकाम्या मंडपांत मग दोन वर्षे नाटके झाली, प्रदर्शने भरली. लोकांस एकाएकी दिसले की हे लोखंड सुंदर आहे! मंडप वाचविण्यासाठी सह्या झाल्या, मोर्चे निघाले, लेखक-कलावंत पुढे आले. त्यांचा राग खरा होता आणि त्यांचे म्हणणेही बरोबर होते, असे माझे मत आहे. पण सरकारने ऐकले नाही. जमिनीखालून रेल्वे यावयाची होती आणि जागेला सोन्याचा भाव होता. 1971 च्या ऑगस्टात, पॅरिसकर सुट्टीवर गेलेले असताना, मंडप पाडावयास घेतले. लोखंड भंगारात गेले. अंडी-कोंबड्यांचा आठ क्रमांकाचा मंडप तेवढा उकलून नोजाँ-सूर-मार्न ह्या गावी नेला व 1976 मध्ये तेथे पुन्हा उभा केला. एक तुकडा जपानात योकोहामास गेला. उरला तो प्रचंड खड्डा. कित्येक वर्षे पॅरिसच्या मध्यावर तो तसाच होता. 1974 साली मार्को फेरेरी ह्या इटालियन दिग्दर्शकाने त्या खड्ड्यात चक्क अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या व तेथील मूळ रहिवाशांच्या लढाईचा प्रहसनपट काढला.

1977 मध्ये खाली रेल्वेस्थानक उघडले आणि 1979 च्या सप्टेंबरात ‘फोरम दे आल’ हे दुकानसंकुल. कपडे, पादत्राणे, तबकड्या, सिनेमागृहे. काचेच्या उतरत्या भिंती आणि मध्ये खोल चौक. पुढे जमिनीवरही काही मंडप आले. मात्र गंमत अशी झाली की, स्वस्त घरांसाठी शहराबाहेर गेलेल्यांची मुले त्याच रेल्वेने रोज तेथे येऊ लागली. संकुल त्यांच्या भेटीगाठींची जागा बनले. शिष्ट पॅरिसकर नाक मुरडू लागले. इमारत लवकर जुनी व मळकट दिसू लागली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी नवे आराखडे मागविले गेले आणि 2011 च्या सुमारास जमिनीवरचे मंडप पाडण्यात आले. खालची दुकाने व स्थानक ठेवून वर पोलाद आणि काच ह्यांचे एक भलेमोठे पिवळसर छत्र घालण्यात आले. त्याचे उद्घाटन 5 एप्रिल 2016 रोजी झाले. बाल्टारचे पहिले मंडप शंभर वर्षांहून अधिक टिकले होते. ह्या वेळी मात्र सह्यांचे तसे मोर्चे निघाले नाहीत.

आता आपल्याकडचा एक योगायोग. रुंजिसचा बाजार सुरू झाला त्याच 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाचे नाव आडत्याच्या वहीत नव्हे तर मंडळाच्या वहीत; मजुरी मंडळामार्फत; मालकाकडून वर लेव्ही, आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. पुढे मुंबईचे घाऊक बाजारही हलले. 1981 साली कांदा-बटाटा नव्या मुंबईस गेला, मागून किराणा-धान्य गेले, 1996 मध्ये भाजी व फळेही गेली. मशीद बंदराच्या गल्ल्यांतून वाशीला जाणे हमालांस सोपे गेले नाही. लोकल पहाटेची, घर मुंबईत, गाळा खाडीपलीकडे. तरी नोंद असलेल्या हमालाजवळ दाखवावयास कागद होता आणि भांडावयास युनियन होती. पुढे नव्या मुंबईत माथाड्यांच्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या ह्याच भांडणातून. कांदे निवडणाऱ्या, गाळ्यांपुढे झाडलोट करून सांडलेले दाणे गोळा करणाऱ्या बायांची गोष्ट वेगळी. बाजार हलला त्या दिवशी त्यांचा रोजगार संपला, आणि तो संपला हे सिद्ध करावयास चिठोरेही नव्हते. म्हणून एखादी जुनी मंडई पाडून नवे संकुल बांधण्याचा ठराव कोणत्याही नगरपालिकेत येतो तेव्हा मी पहिला प्रश्न नकाशाविषयी विचारीत नाही. गाळेधारकांची यादी लावलेली असतेच. दुसरी यादी कोठे आहे, असे विचारतो.

पॅरिसच्या त्या जागेशेजारी सेंट यूस्ताश नावाचे जुने चर्च आहे. ते पाडापाडीतून सुटले. त्याच्या आत रेमंड मेसन ह्या शिल्पकाराने केलेले एक रंगीत शिल्प ठेवले आहे. त्याचा विषय 28 फेब्रुवारी 1969 ह्या दिवशी फळे आणि भाज्या पॅरिसच्या मध्यातून निघाल्या, हा. त्यात मंडईतली माणसे घोळक्याने चालली आहेत, आणि फळाभाज्यांचे ओझे त्यांच्याच अंगावर आहे.