सर्वांचें एक यंत्र



विद्यापीठ म्हटलें कीं वर्ग, व्याख्यानें, परीक्षा आणि पदवीदान इतकेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु नव्या ज्ञानाची भर पुष्कळदां एखाद्या महागड्या उपकरणाच्या साह्यानें पडते. आणि उपकरण एकच व मागणारे अनेक असले, म्हणजे तें कोणी, केव्हां व किती वेळ वापरावें, हा प्रश्न मोठा बिकट होऊन बसतो. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठानें तो कसा सोडविला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आंकडेमोड हें शास्त्रज्ञांचें जुनें दुखणें. रसायन असो कीं ज्योतिष असो, सिद्धान्त मांडणें एक वेळ सोपें. त्यांतून आंकडे काढणें म्हणजे हातानें फिरवावयाच्या यंत्रावर महिनेच्या महिने घालविणें. सर्व विभागांसाठीं एकच गणनगृह असावें, या हेतूनें केंब्रिजनें १९३७ सालीं ‘मॅथेमॅटिकल लॅबोरेटरी’ स्थापन केली. लवकरच महायुद्ध आलें व ती जागा लष्करी कामाकडे गेली. युद्धानंतर मॉरिस विल्क्स हे तिचे प्रमुख झाले. १९४६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें नव्या गणकयंत्रांविषयीं झालेलीं व्याख्यानें ऐकून ते परतले आणि तसें यंत्र बांधण्याच्या उद्योगास लागले. चहा व उपाहारगृहें यांचा व्यापार करणाऱ्या लायन्स कंपनीनें त्यांस ३,००० पौंडांची मदत दिली. ता. ६ मे १९४९ रोजीं ‘एडसॅक’ चालूं झालें व त्यानें वर्गसंख्यांचें कोष्टक छापून दिलें. यंत्रांत सुमारें ३,००० व्हॉल्व्ह होते. त्याची स्मृति म्हणजे पाऱ्यानें भरलेल्या नळ्या. त्यांतून ध्वनिस्पंद फिरत राहत आणि त्यांच्या रूपानें आंकडे टिकून राहत.

यंत्र बांधलें, तरी कामगिरी अर्धीच झाली होती. तें सर्वांचें व्हावयाचें, तर शिस्त हवी. ज्याला काम असे त्यानें आपल्या आज्ञा कागदी पट्टीवर भोकें पाडून स्वतः तयार करावयाच्या आणि ती पट्टी यंत्राजवळ ताणलेल्या दोरीवर, वाळत घातलेल्या कपड्याप्रमाणें, अडकवून ठेवावयाची. दिवसा चालक एकेक पट्टी घेऊन यंत्रांत घालीत. उत्तर आलें तर छापील कागद हातीं पडे. न आलें तर यंत्र कोठें अडलें एवढेंच कळे, आणि चूक शोधणें हें ज्याचें त्याचें काम. रात्रीं मात्र कांहीं अधिकृत मंडळींस यंत्र स्वतः चालविण्याची मुभा असे. एखादा व्हॉल्व्ह जाईपर्यंत त्यांचें काम चाले. यंत्रास एक ध्वनिक्षेपक जोडला होता. त्याच्या आवाजावरून गणित सुरळीत चाललें आहे कीं फसलें आहे, हें अनुभवी माणसास ओळखतां येई.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे पट्ट्यांचा संग्रह. वारंवार लागणाऱ्या एखाद्या गणिताच्या आज्ञा कोणी एकदां बिनचूक लिहिल्या, कीं ती पट्टी कपाटांत जाई आणि पुढच्या प्रत्येकास तिची नक्कल आपल्या पट्टींत घेतां येई. विल्क्स, व्हीलर व गिल यांनीं १९५१ सालीं या पद्धतीवर ग्रंथच प्रसिद्ध केला. एकाचे श्रम असे दुसऱ्याचें भांडवल झाले. शाळेच्या कपाटांत कुलूपबंद राहून बुरशी चढलेले सूक्ष्मदर्शक मीं पाहिले आहेत. बिघडेल या भीतीनें ज्यास कोणी हातच लावीत नाहीं, तें उपकरण जपलेलें नव्हे, वायां गेलेलें असतें.

केंब्रिजच्या व्यवस्थेचें फळ काय मिळालें? रोनाल्ड फिशर यांचें आनुवंशिकतेविषयींचें एक समीकरण एडसॅकवर सुटलें. स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साह्यानें शोधणारे जॉन केंड्र्यू यांस १९६२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें अवाढव्य गणित याच प्रयोगशाळेंतील यंत्रांनीं केलें. सामाईक व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५१ सालीं मोठ्या फेरबदलांसाठीं एडसॅक कित्येक महिने बंद होतें. मज्जातंतूंतील विद्युत्‌प्रवाहाचा अभ्यास करणारे अँड्र्यू हक्स्ली यांस तेव्हां आपलें सारें गणित ब्रन्सविगा नांवाच्या हातयंत्रावर, दांडा फिरवीत करावें लागलें. त्यांसही १९६३ सालीं नोबेल मिळालें. पण सर्वांचें यंत्र थांबलें म्हणजे सर्वच अडतात, हें त्यावरून दिसून येतें. म्हणून दुरुस्ती करणारा कारागीर संशोधकाइतकाच आवश्यक होय.

ता. ११ जुलै १९५८ रोजीं एडसॅक बंद करण्यांत आलें व तें मोडीत निघालें. त्याची जागा घेणाऱ्या दुसऱ्या एडसॅकच्या बळावर मार्टिन राइल यांनीं अनेक लहान अँटेनांच्या नोंदी गणितानें जुळवून मोठ्या दुर्बिणीचें काम साधण्याची रीत पुढें नेली. त्यांस १९७४ सालीं नोबेल मिळालें. त्याच तत्त्वावर आपल्या पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. देशोदेशींचे ज्योतिर्विद तिच्यासाठीं अर्ज करतात, आणि अर्जांची छाननी होऊन प्रत्येकास वेळ वांटून दिला जातो. पाऱ्याच्या नळ्या गेल्या, भोकांच्या पट्ट्या गेल्या. परंतु आपली पाळी येईपर्यंत थांबावें आणि आपण केलेलें काम दुसऱ्याच्या उपयोगीं पडेल असें ठेवून जावें, हा दोरीवरच्या पट्ट्यांचा नियम अजून चालूं आहे.