खिशातला चाकू : सॅव्हॉय, मिकी आणि रामपूर

सुरुवात एका प्रश्नानं करतो. आत्ता या सभागृहात ज्यांच्या खिशात किंवा पर्समध्ये मिटता चाकू आहे, त्यांनी जरा हात वर करा. (हशा) एक... दोन... तिकडे मागे एक आजोबा आहेत, तीन. बरं. घाबरू नका, नावं लिहून घेत नाही.

हाच प्रश्न साठ-सत्तर वर्षांपूर्वी एखाद्या गावात पारावर विचारला असता, तर बरेच हात वर झाले असते. बोरू तासायला चाकू, शिसपेन्सिलीला टोक करायला चाकू, कैरी चिरायला, सुतळी कापायला, उसाचं कांडं सोलायला चाकू. आज पेन्सिलीला शार्पनर आलं आणि बोरू तर गेलाच. पण सुतळी आहे, खोकी आहेत, कैरी आहे, आणि शनिवार-रविवारी सह्याद्रीत जाणारी तुमची मुलंही आहेत. काम शिल्लक राहिलं, हत्यार मात्र खिशातून गेलं. असं का झालं, हा आजचा विषय. आणि जाता जाता, 'स्वस्तातला रोजचा चाकू घ्यायचा तर काय बघायचं' या साध्या प्रश्नाचं उत्तरही इतिहासातनंच मिळतं का, ते बघू.

त्यासाठी मी तुम्हाला तीन ठिकाणी नेणार आहे. पहिलं फ्रान्सच्या आल्प्समध्ये, दुसरं जपानमध्ये आणि तिसरं आपल्याच उत्तर प्रदेशात. तिन्ही ठिकाणच्या चाकूचं नाव पुढे त्या त्या भाषेत सामान्यनाम झालं. म्हणजे आपण वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणतो ना, तसं. पण प्रत्येक नावाला अर्थ वेगळा चिकटला. आजची सगळी गोष्ट त्या अर्थाची आहे.

सॅव्हॉय हा डोंगराळ प्रांत 1860 मध्ये फ्रान्सला जोडला गेला. त्यातल्या मोरिएन नावाच्या खोऱ्यात, आल्बिए गावाच्या एका वाडीवर ओपिनेल नावाचं लोहाराचं घर होतं. कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारं करायची आणि पंचक्रोशीत विकायची, असा धंदा. त्या घरात 1872 मध्ये जोसेफ जन्मला. पोराला यंत्रांचं वेड. त्या काळात स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवणारा हा मुलगा. 1890 मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, त्यानं शेतकऱ्यासाठी एक खिशातला चाकू घडवला. एक पातं, एक लाकडी मूठ, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं आणि एक खिळा. संपलं. वडिलांना हे फारसं पसंत नव्हतं. एकेक हत्यार हातानं घडवणाऱ्या कारागिराला 'एकसारखे शेकडो चाकू' ही कल्पना कशी रुचणार? पण जोसेफनं मुठी कापण्याचं यंत्र स्वतः जुळवलं आणि चाकू स्वस्त झाला.

1897 मध्ये त्यानं या चाकूंना 1 ते 12 असे आकडे दिले. चपलेचा नंबर सांगावा तसा चाकूचा नंबर. पुढे 1 आणि 11 बंद पडले, बाकीचे आजही आहेत. सगळ्यात चालतो तो 8 नंबर, पात्याची लांबी साडेआठ सेंटिमीटर. आता बघा, या नंबरांमुळे काय झालं? शेतकऱ्याला 'मला अमुक कामाला चाकू हवा' असं वर्णन करत बसायची गरज उरली नाही. फेरीवाल्याकडे, दुकानात, रेल्वेच्या कामगारांत हा चाकू नंबरानंच मागितला जाऊ लागला. मोरिएन खोऱ्यातनं इटलीकडे जाणारी रेल्वे 1871 मध्ये बोगद्यातून पलीकडे पोचली होती. चाकूही तिच्याबरोबर खोऱ्याबाहेर पडला.

या चाकूत एक दोष होता. पातं उघडं राहायचं ते नुसत्या घर्षणावर. जोर चुकला की पातं मिटणार आणि बोट मध्ये. हा दोष दूर व्हायला 1955 उजाडलं. त्या वर्षी मार्सेल ओपिनेलनं कड्यावर एक फिरती कडी बसवली. पातं उघडायचं, कडी बोटानं थोडी फिरवायची, पातं पक्कं. तिला म्हणतात विरोब्लॉक. 2000 साली तिच्यात सुधारणा झाली, आणि मिटलेलं पातंसुद्धा त्याच कडीनं अडकवता येऊ लागलं. म्हणजे आज या चाकूचे एकूण भाग किती? पातं, मूठ, कडं, खिळा, कडी. पाच! आणि किंमत तिकडे अजून दहा-पंधरा युरोच्या आसपास आहे.

एक गंमत सांगतो. मूठ लाकडाची असल्यामुळे पाण्यात भिजली की फुगते, आणि पातं आत घट्ट बसतं. नखानं ओढून निघत नाही. तेव्हा सॅव्हॉयचा माणूस काय करतो, तर मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतो. पातं जरासं बाहेर डोकावतं, मग ओढून काढायचं. या युक्तीला तिकडे 'सॅव्हॉयकराचा ठोका' अशा अर्थाचं नावच आहे. हत्याराची खोड माहीत असणं आणि तिच्यासकट ते वापरणं, याला मी त्या वस्तूशी झालेलं घरोब्याचं नातं म्हणतो. 1989 मध्ये 'ओपिनेल' हा शब्द फ्रेंचांच्या लारूस शब्दकोशात गेला. अर्थ, लाकडी मुठीचा मिटता चाकू.

आता जपान. कोबेच्या जवळ मिकी नावाचं गाव आहे. सुतारकामाच्या हत्यारांसाठी जुनं, नामांकित गाव. रंधे, करवती, पटाशी. 1876 मध्ये मेजी सरकारनं हुकूम काढला की सामुराईंनी यापुढे चारचौघांत तलवार बाळगायची नाही. कमरेची तलवार गेली. त्यानंतर वीसेक वर्षांतच या मिकी गावात एक छोटा मिटता चाकू तयार होऊ लागला, 'हिगोनोकामी'. नाव मोठं भारदस्त, 'हिगो प्रांताचे सरदार' असा त्याचा अर्थ. वस्तू मात्र अगदी साधी. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, एक खिळा. पात्याला मागे छोटं शेपूट असतं, ते अंगठ्यानं दाबलं की पातं उघडतं. अडकवायला काही नाही. काम करताना अंगठा त्या शेपटावर दाबून ठेवायचा, हेच कुलूप.

पण या गरीब चाकूचं पातं बघण्यासारखं. मध्ये कठीण पोलाद आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड, अशी रचना. मधल्या पोलादामुळे धार टिकते, बाजूच्या लोखंडामुळे पातं सहसा तुटत नाही आणि घासायलाही सोपं जातं. जपानी सुताराच्या पटाशीत जी विद्या होती, ती शाळकरी पोराच्या खिशात आली. हो, शाळकरी पोराच्याच! दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये मुलं याच चाकूनं पेन्सिली तासायची, बांबूची खेळणी करायची.

आणि मग 12 ऑक्टोबर 1960 उजाडला. टोकियोत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा व्यासपीठावर भाषण करत होते. सतरा वर्षांचा एक मुलगा धावत वर चढला आणि त्यानं त्यांचा खून केला. कॅमेरे चालू होते, सगळ्या देशानं ते पाहिलं. आता लक्षात घ्या, त्या मुलाच्या हातात हिगोनोकामी नव्हता. आखूड तलवार होती. पण देश हादरला, आणि 'मुलांच्या हाती पातं नको' अशी मोहीम उभी राहिली. शाळांतून, घरांतून चाकू गोळा झाले. त्याच सुमारास पेन्सिलीला टोक करणारी यंत्रंही आली, म्हणजे गरजही संपली. मिकीमधली चाकूची दुकानं एकामागून एक बंद झाली. हिगोनोकामी या नावानं चाकू करण्याचा हक्क तिथल्या संघाच्या सभासदांनाच होता. आज त्यातलं एकच घराणं उरलंय. गुन्हा तलवारीनं केला, शिक्षा पेन्सिलीच्या चाकूला झाली.

हे ऐकून तुम्हाला आपल्याकडचं काही आठवलं असेल. तिसरं गाव तेच, रामपूर.

रामपूरच्या नवाबी काळापासून तिथे चाकू होतात. पितळी मूठ, नक्षीकाम, मागे खटका. 'रामपुरी' हा शब्द मराठीत कुठून आला? मुंबईतल्या मारामाऱ्यांच्या बातम्यांतून आणि हिंदी सिनेमातून. पडद्यावर खलनायक खटका दाबतो, 'खट्ट' आवाज होतो, पातं चमकतं आणि आपण खुर्चीत सावरून बसतो. कैरी कापताना त्या आवाजाचा उपयोग काय? काही नाही. तो आवाज समोरच्याला ऐकवण्यासाठी आहे. पातं कधी नऊ इंच, कधी त्याहून लांब. सुतळी कापायला नऊ इंच लागत नाहीत. 1990 च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि धंदा खालावला. आणि 2023 मध्ये त्याच रामपुरात एका चौकात वीस फुटी चाकू उभारला, चौकाचं नावच 'चाकू चौक'. कारागीर थोडे उरले, पुतळा मोठा झाला.

मग तिन्ही शब्द शेजारी ठेवून बघा. ओपिनेल म्हणताना फ्रेंच माणसाला पाव आणि चीज आठवतं. हिगोनोकामी म्हणताना जपानी म्हाताऱ्याला शाळा आठवते. रामपुरी म्हणताना आपल्याला रक्त आठवतं. लोखंड सगळीकडे लोखंडच. पण आपल्याकडे खिशातल्या चाकूला कामाचं नाव लागलंच नाही. घरातली विळी, शेतातला विळा, पानाच्या तबकातला अडकित्ता यांना कामाची नावं आहेत, म्हणून त्यांची भीती वाटत नाही. उसाचा कोयतासुद्धा काल-परवापर्यंत कामाचाच शब्द होता. आता पेपरात 'कोयता गँग' वाचतो आपण. ऊसतोड मजुराच्या हातातल्या हत्याराचं नाव बिघडतंय, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत बिघडतंय. मला काळजी वाटते ती याची. नाव बिघडलं की आधी कष्टकऱ्याकडे संशयानं बघितलं जातं. गुंड काय, दुसरं काही शोधतो.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. 'हे सगळं ठीक, पण ट्रेकसाठी आणि घरासाठी चाकू घ्यायचा तर कोणता?' (हशा) रास्त प्रश्न आहे. ब्रँड सांगत नाही, इतिहास काय सांगतो ते सांगतो.

एक, लांबी. 8 नंबरचं साडेआठ सेंटिमीटर पातं शंभरहून अधिक वर्षं लोकांनी निवडलंय, ते उगीच नाही. फळ, दोरी, खोकं, पाव, सगळ्याला पुरतं. याहून लांब पात्यानं काम वाढत नाही, समोरच्याच्या मनातली शंका वाढते.

दोन, पातं अडकवायची सोय. 1955 चा धडा विसरू नका. दुकानात पातं उघडून, अडकवून, पात्याची पाठ टेबलावर हलकेच दाबून बघा. मिटायला लागलं तर तो चाकू तिथेच ठेवा. खटक्याचा तर घेऊच नका.

तीन, पोलाद. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण कैरी-लिंबानं ते काळं पडतं आणि ओलं ठेवलं तर गंजतं. रोज पुसून, तेलाचं बोट फिरवणारे असाल तर जरूर घ्या. कोकणात राहत असाल, पावसाळ्यात गड चढत असाल, तर न गंजणारं घ्या. आणि लाकडी मूठ असेल तर पावसात ती फुगणार, तेव्हा सॅव्हॉयकराचा ठोका लक्षात ठेवा.

चार, भाग मोजा. चमचा, स्क्रू-ड्रायव्हर, शिट्टी, टॉर्च असं सगळं एकात देणारी स्वस्त वस्तू बहुधा कशालाच धड नसते. त्याच पैशात एकच चांगलं पातं येतं. आणि किंमत अशी असावी की दरीत पडला तर हळहळ वाटेल, पण त्याच्यामागे तुम्ही उतरणार नाही.

पाच, कायदा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विचार आहे, आणि घरकाम-शेतीसाठीच्या हत्यारांना त्यातनं वगळलेलं आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणावाराला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, त्यात सुऱ्याही येतात. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. आणि एरवीही तो खिशात न ठेवता सॅकमध्ये, डब्याशेजारी ठेवा. विमानात तर हातातल्या सामानात चालतच नाही.

शेवटचं. घरी गेल्यावर मुलांना एकदा पेन्सिल चाकूनं तासून दाखवा. पातं अंगापासून दूर ढकलायचं, बोट कुठे ठेवायचं, काम झालं की पुसून मिटायचं, आणि दुसऱ्याला देताना मिटूनच द्यायचं. दहा मिनिटांचं काम आहे. मागच्या आजोबांना हे कोणीतरी असंच शिकवलं असणार, म्हणून त्यांचा हात मघाशी न लाजता वर गेला.