‘सिंहासन’मधला फोन आणि सांगोल्यात आलेला फोन

डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटाच्या कथेला गती मिळते ती एका निनावी फोनमुळे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना कळते की, त्यांना खाली खेचण्याचा कट त्यांच्याच मंत्रिमंडळात शिजतो आहे. कटाच्या मुळाशी आहेत अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. अरुण सरनाईक आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या या जुगलबंदीकडे पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, शेवटपर्यंत साक्षीदार म्हणून पाहत राहतो.

जून २०२२ मध्ये एक दुसरा फोन गाजला. गुवाहाटीच्या पंचतारांकित हॉटेलातून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी आपल्या कार्यकर्त्याशी केलेले ते बोलणे. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे शब्द घरोघरी पोहोचले. माणदेशातल्या कायम दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला आसामची हिरवळ पाहून असे उद्गार सुचावेत, यात नवल नव्हते. महाराष्ट्र हसला तो मात्र वेगळ्याच कारणाने.

या दोन फोनांमध्ये ४३ वर्षांचे अंतर आहे. त्या काळात सत्तेचा मोह बदलला नाही, आमदार फोडण्याचे तंत्र बदलले.

‘सिंहासन’ची पटकथा विजय तेंडुलकरांची. तिला आधार होता पत्रकार अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांचा. कादंबऱ्या आधी आल्या, आणि चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच वास्तवाने त्यांना गाठले. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातले शरद पवार सुमारे चाळीस आमदारांसह बाहेर पडले आणि १८ जुलैला, वयाच्या ३८व्या वर्षी, पुलोदचे मुख्यमंत्री झाले. कथेतल्या दाभाड्यांना जे साधले नाही, ते प्रत्यक्षात साधले गेले. त्याच पवारांच्या सरकारने ‘सिंहासन’च्या चित्रीकरणासाठी मंत्रालयाची दारे उघडली, हा योगायोग तेंडुलकरांनाही रचता आला नसता.

इथे सांगोला प्रथम प्रवेश करतो. त्या पुलोद मंत्रिमंडळात शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख मंत्री होते. १९६२ पासून ११ वेळा सांगोल्यातून निवडून आलेले, एसटीने फिरणारे आमदार म्हणून ख्याती असलेले गणपतराव. पराभव फक्त दोन, १९७२ आणि १९९५ मध्ये. त्यातला दुसरा शहाजीबापूंकडून. म्हणून आज ‘गणपतरावांचे सांगोले’ आणि ‘झाडी-डोंगराचे सांगोले’ अशी सोपी विभागणी केली जाते. ती अर्धवट आहे. गणपतरावांचा पक्ष फुटला नव्हता, त्यांनी स्वतः पक्ष बदलला नव्हता, त्यांच्या निःस्पृहतेबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. पण ते ज्या सरकारात मंत्री झाले, ते सरकार दुसऱ्याच्या फुटीतूनच जन्मले होते. साधेपणाने जगणारा माणूसही आकड्यांच्या या खेळाबाहेर उभा नसतो. गणपतरावांच्या गौरवलेखांत हा तपशील सहसा सापडत नाही.

तंत्र बदलले ते कायद्यामुळे. १९७८ मध्ये पक्षांतरबंदी कायदाच नव्हता. बंगल्यावर बैठक घ्यायची, याद्या करायच्या, राज्यपालांकडे जायचे. आमदारकीला धोका नाही. ‘सिंहासन’मधले राजकारण दिवाणखान्यांत आणि फोनवर चालते ते म्हणूनच. १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण दिले. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती सवलत काढून घेतली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचा अपवाद तेवढा ठेवला. शिवसेनेचे ५५ आमदार, म्हणजे किमान ३७ हवेत. एवढी माणसे जमवायची, तर ती हाताबाहेर जाऊ नयेत याचीही सोय लागते. आधी सुरत, मग गुवाहाटी, ही त्या हिशेबाची भौगोलिक बाजू. फुटीला आवर घालण्यासाठी केलेल्या कायद्याने फुटीला विमान आणि हॉटेल मिळवून दिले!

भ्रष्टाचाराचा प्रश्नही सांगोल्याच्या बोलीतूनच विधानभवनाच्या पायऱ्यांवर पोहोचला. शहाजीबापूंच्या त्याच फोनमधल्या ‘ओक्के’ला विरोधकांनी ‘पन्नास खोके’ जोडले. शिंदे गटाने आरोप फेटाळला, आणि तो न्यायालयात सिद्ध झालेला नाही. ‘सिंहासन’मध्ये तस्कर, कामगार पुढारी आणि सत्ताधारी यांचे धागे प्रेक्षकाला दिसतात, कारण कॅमेरा बंद दाराआड जाऊ शकतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ती मुभा नसते.

चित्रपटात आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे मतदारसंघ. आमदार तिथे डोकी म्हणून मोजले जातात. ती डोकी ज्या गावांनी पाठवली, ती गावे पडद्याबाहेर राहतात. दिग्दर्शक स्वतः शेजारच्या पंढरपुरात जन्मलेले, तरीही. २०१९ मध्ये सांगोल्याने शहाजीबापूंना अवघ्या ७६८ मतांनी निवडून दिले होते, तेही गणपतरावांच्या नातवाविरुद्ध. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच सांगोल्याने त्यांना पाडले आणि गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना शेकापच्या चिन्हावर विधानसभेत पाठवले.