कंबरेला कलम नाही

गिरणीचा इतिहास संपांवरून मोजतात. १९२८ चा संप, १९८२ चा संप. आपणही तसाच मोजतो. पण वाइंडिंग, रीलिंगच्या बायांची कंबर कुणी मोजली?

दिवसभर उभं राहायचं. तुटला धागा सांधायचा. मजुरी कामावर, म्हणजे टेकलं की पैसे गेले. १८९१ च्या कायद्यानं बाईचा दिवस ११ तासांचा ठरवला. नळ, चूल, भाकरी त्याच्या बाहेर.

१९२३ ला कामगार भरपाईचा कायदा आला. अंगठा तुटला, डोळा गेला तर किती, याचा तक्ता त्यात होता. शिशाची विषबाधाही होती. रोज थोडी थोडी झिजणारी कंबर नव्हती.

२८ जुलै १९२८ ला मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी प्रसूती भत्त्याच्या बिलाची बाजू घेतली. बाळंतिणीला विसावा मिळणं देशाच्या हिताचं, असं त्यांनी मांडलं. १९२९ ला कायदा झाला. बाईच्या दुखण्याला कायद्यात जागा मिळाली, ती बाळंतपणापुरती. पुढं गिरण्यांत बायाच कमी होत गेल्या.

माझी आजी वाइंडिंगला होती. कंबरेला लुगड्याचं फडकं आवळून कामाला जायची. डॉक्टर म्हणाला, "वय झालं, बाई." तेव्हा ती पस्तिशीची. घरचे म्हणायचे, "तिला सवय हाय."

तिच्या दुखण्याचा कागद कुठंच नाही. दोस्तांनो, घरातल्या म्हातारीला विचारा, कुठल्या खात्यात होतीस, कधीपासून दुखतंय? सांगंल ते तारीखवार लिहून ठेवा.