घास आणि वावडे

गेल्या वर्षी आमच्या घरात एक तंटा उपस्थित झाला आणि तो मिटविण्याच्या निमित्ताने मला इतिहासाची बरीच पाने पुन्हा उलटावी लागली. तंट्याचे मूळ आमचा कुत्रा. त्याचे नाव मोती, वय तीन वर्षे. त्याच्या अंगास अहोरात्र खाज सुटे, पंजे चाटून चाटून लाल होत, आणि एक कान बरा होतो न होतो तोच दुसरा वाहू लागे. आम्ही प्रथम सोलापूरच्या उन्हाळ्यास दोष दिला, मग गोचिडांस, मग फरशी पुसण्याच्या औषधास. शेवटी पशुवैद्यांनी सांगितले की, हे अन्नाचे वावडे असावे. हल्ली सुशिक्षित घरांतून ज्यास ॲलर्जी म्हणतात, त्यास आपल्या भाषेत वावडे हा जुना आणि नेमका शब्द आहे. माणसास वांग्याचे वावडे असते हे आपण जाणतो. कुत्र्यासही ते असू शकते, हे मात्र मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळले.

उपाय सांगावयास सोपा होता. मोतीने जे पूर्वी कधीही खाल्ले नाही, असे एकच प्रकारचे मांस किंवा मासा, आणि त्याच्या जोडीस तसेच एखादे नवे कंदमूळ, एवढेच त्यास आठ आठवडे द्यावयाचे. त्याखेरीज अन्नाचा कणही द्यावयाचा नाही. आमचे घर शाकाहारी. तेव्हा उजनी धरणातला मासा आणावा, मागील अंगणात वेगळ्या शेगडीवर तो रताळ्यांबरोबर शिजवावा, आणि मोतीपुढे ठेवावा, असा क्रम सुरू झाला. मोती तो हुंगे, आमच्याकडे अशा दृष्टीने पाही की जणू आम्हीच काही अपराध केला आहे, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. दोन दिवस उपाशी राहून तिसऱ्या दिवशी तो अर्धी थाळी खाई, आणि चौथ्या दिवशी पुन्हा मान फिरवी. ह्या चोखंदळपणापुढे आमची पत्नी, जिने दोन मुलांचे खाण्याचे हट्ट मोडून काढले होते, तीही हतबल झाली. तथापि हळूहळू खाज उतरली, आणि सहाव्या आठवड्यात पंजांचा लाल रंग जवळजवळ गेला. त्याच आठवड्याच्या अखेरीस पुन्हा सर्व अंग पेटले.

चौकशीअंती उलगडा झाला. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. जेवण झाल्यावर कुत्र्यास घास घालावयाचा, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. तिने तीन दिवस दुधात कुस्करलेली भाकरी मोतीस गुपचूप घातली होती. मी रागाने बोललो. ती शांतपणे म्हणाली, "अरे, नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, आणि तू प्राध्यापक होऊन दुधाचा घास मोडायला सांगतोस?"

ह्या प्रश्नास मजजवळ तत्काळ उत्तर नव्हते. कुत्र्यास घास घालण्याची चाल आपल्याकडे किती जुनी आणि तिचा हेतू काय, हे पाहिल्यावाचून ते देता येणार नाही, असे मला वाटले.

महाभारताच्या आदिपर्वात, अगदी आरंभीच, कुत्र्याच्या खाण्यावरून झालेला एक तंटा आहे. जनमेजयाच्या सत्रात सरमेचा पुत्र आला असता राजाच्या भावांनी त्यास मारले. सरमा येऊन विचारते की, माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, चाटले नाही, मग त्यास का मारले? तिला उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते. कुत्र्याने अन्नास तोंड लावले असेल हे तेथे गृहीतच धरले गेले होते. पुढे धर्मशास्त्राने गृहस्थाच्या नित्याच्या वैश्वदेवात कुत्र्यांचा वाटा निश्चित केला. श्याम आणि शबल ह्या यमाच्या दोन श्वानांचे स्मरण करून बली घालण्याची रीत त्यातूनच चालत आली. परंतु मनुस्मृतीत हा वाटा कोणाकोणास सांगितला आहे, हे वाचताना आजच्या वाचकाचे मन अस्वस्थ झाल्यावाचून राहात नाही. कुत्रे, कावळे आणि किडे ह्यांच्याच ओळीत पतित, चांडाळ आणि रोगी माणसे आहेत, आणि ते अन्न भूमीवर ठेवावयाचे आहे. घेणारा कोण, त्यास काय हवे, हा प्रश्न तेथे नाहीच. देणाऱ्याचे कर्तव्य पुरे झाले म्हणजे झाले.

चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिग्रंथात कुत्र्यापासून सहा गुण शिकावेत असे सांगितले आहे. त्यांत पहिला पुष्कळ खाण्याच्या शक्तीचा आणि दुसरा थोडक्यात संतुष्ट राहण्याचा. आमच्या मोतीस ह्यांतील एकही गुण लागू पडत नाही. पण हे वर्णन ज्या कुत्र्यास पाहून केले, तो दारचा कुत्रा होता. त्याच्यापुढे निवड नव्हती. जे मिळेल त्यात समाधान मानण्यावाचून ज्यास गत्यंतर नाही, त्याच्या समाधानास आपण गुण म्हणतो.

आपल्या प्रांतात कुत्र्याचे स्थान देवाजवळचे. दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान, खंडोबाजवळ श्वान, आणि खंडोबाचे वाघे तर स्वतःस त्याचे कुत्रे म्हणवून कोटंब्यात भिक्षा घेत. सोलापुरास लागून असलेल्या बाळ्याच्या खंडोबास चंपाषष्ठीला मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी घरोघर वांग्याचे भरीत आणि रोडगे ह्यांचा नैवेद्य होतो, आणि त्यातला घास कुत्र्यासही आवर्जून घालतात. चातुर्मासात वर्ज्य असलेला कांदा ह्या भरतात पुन्हा पानावर येतो. आता कांदा, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो, हे पशुवैद्यकात निर्विवाद ठरलेले आहे. एका घासाने बहुधा काही बिघडत नसेल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने घातलेल्या त्या घासात घेणाऱ्याच्या शरीराचा विचार कोणाच्या मनात आला नाही, हेही खरे.

मराठ्यांच्या इतिहासात कुत्र्याचा गौरव झाल्याची उदाहरणे आहेत. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून धन्याचा जीव वाचविला, आणि त्यास पालखीचा मान मिळाला, अशी परंपरा आहे. त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुली येथे दाखवितात. सोलापुराहून दक्षिणेस विजापूर ओलांडून गेले म्हणजे मुधोळ लागते. तेथील घोरपडे राजांनी दख्खनच्या सडपातळ शिकारी कुत्र्यांची जोपासना केली, आणि मालोजीराव घोरपडे ह्यांनी ती जात इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज ह्याच्यापर्यंत पोहोचविली. ही दौडीची कुत्री माळरानावर वाढली ती मुख्यत्वे जोंधळा, मका, डाळ आणि दूध ह्यांवर.

मांसाहारी प्राणी भाकरीवर कसा जगतो, ह्या प्रश्नाचे उत्तर २०१३ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी दिले. पिष्टमय अन्न पचविणारे द्रव्य तयार करणारे जे जनुक लांडग्यात केवळ दोन प्रतींत असते, त्याच्या कुत्र्यात अनेक प्रती आढळतात. शेती करू लागलेल्या माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगता जगता कुत्र्याचे पोट माणसाच्या पोटासारखे होत गेले. म्हणजे आपल्या मालदांडी जोंधळ्याची भाकरी कुत्र्याच्या कुळास परकी नव्हे. आईच्या बाजूने हा एक मोठा पुरावा निघाला, आणि तो मी तिला प्रामाणिकपणे सांगितला.

घास हा धर्म आहे, असे मानणारे केवळ आपणच नव्हे. पारशी समाजात जेवणातून कुत्र्याचा घास बाजूस काढून ठेवण्याची चाल होती. मुंबईत बेवारशी कुत्री मारण्याबद्दल सरकार शिपायांस दर कुत्र्यामागे ८ आणे देई. ह्या लोभाने शिपाई दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले, तेव्हा जून १८३२ मध्ये कोटात पारशांनी दंगा केला, दुकाने बंद पडली, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसदही अडविली गेली. शांत म्हणून ख्याती असलेल्या एका समाजाने कुत्र्यांसाठी सरकारशी उघड झगडा केला, ही गोष्ट आपल्या इतिहासात फारशी शिकविली जात नाही.

कुत्र्याचे अन्न माणसाच्या अन्नाहून वेगळे झाले ते मात्र युरोपात. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन विजेपासून घरांचे रक्षण करणारे दांडे विकण्यास लंडनमध्ये आला होता. गोदीतली कुत्री खलाशांनी टाकलेली वाळकी बिस्किटे खाताना त्याने पाहिली, असे सांगतात, आणि १८६० च्या सुमारास गहू, भाज्या, बीट आणि मांसाचा अंश मिळून त्याने कुत्र्यांची बिस्किटे काढली. १९२२ साली अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे विक्रीस आले. दुसऱ्या महायुद्धात पत्रा दुर्मीळ झाल्यावर पुन्हा कोरड्या खाद्याचे दिवस आले. आज सोलापुरातही असे खाद्य पिशव्यांतून मिळते, आणि एका पिशवीत सात-आठ पदार्थ एकत्र असतात. ह्यापासून दोन गोष्टी घडल्या. एक, कुत्र्यापुढे निवड आली, आणि त्याच्याबरोबर चोखंदळपणा आला. दुसरी, त्यास कोणत्या पदार्थाचा त्रास होतो हे ओळखणे कठीण झाले.

वावड्याच्या शास्त्राचा जन्मच मुळी एका कुत्र्याच्या मृत्यूतून झाला आहे. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रातील ॲनिमोन ह्या प्राण्याचे विष कुत्र्यांस अल्प प्रमाणात टोचून त्यांच्या अंगी त्याविरुद्ध शक्ती आणण्याचा प्रयोग आरंभिला. नेपच्यून नावाचा एक धट्टाकट्टा कुत्रा पहिल्या मात्रेतून सहज उठला. काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा दिली, ती संरक्षण होण्याऐवजी काही मिनिटांतच त्याच्या जिवावर बेतली. शरीर शत्रूस एकदा ओळखल्यावर दुसऱ्या भेटीत स्वतःचाच घात करू शकते, हे १९०२ साली जगास कळले. रिशे ह्यांस त्याबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मधल्या काळात, १९०६ साली, क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या ऑस्ट्रियन वैद्याने ॲलर्जी हा शब्द घडविला. विष आणि अन्न ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. परंतु अन्नातील प्रथिनास शरीर शत्रू समजू लागले म्हणजे होणारी गडबड त्याच जातीची असते. २०१६ साली २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून काढलेल्या एका आढाव्यात गोमांसाचे वावडे शंभरात ३४ कुत्र्यांस, दुग्धजन्य पदार्थांचे १७ कुत्र्यांस, कोंबडीचे १५ कुत्र्यांस आणि गव्हाचे १३ कुत्र्यांस आढळले. रक्ताची कोणतीही परीक्षा ह्याचा खात्रीने निर्णय करू शकत नाही. त्यासाठी आठ आठवड्यांचे पथ्य पाळावे लागते, आणि मग एकेक पदार्थ परत देऊन पाहावे लागते.

हे वाचीत असता मला आपल्याच भाषेतील एक शिवी आठवली. लूत भरलेले कुत्रे, असे आपण तिरस्काराने म्हणतो. गावोगाव अशी कुत्री असत, केस गळालेली, अंग खाजवून रक्तबंबाळ केलेली. पुष्कळांस खरोखरच लूत असे, पण ज्यांस अन्नाचे वावडे असेल अशीही त्यांत काही असतील. त्यांस घास घालणाऱ्या आयाबाया होत्या, आणि दगड मारणारी मुलेही होती. मी स्वतः दगड मारले आहेत. हा रोग आहे, आणि कदाचित तो आपण दिलेल्या घासातूनच होत आहे, असा विचार दोघांच्याही मनात आला नाही. पूर्वीच्या कुत्र्यांस वावडे नव्हते, हे आमच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. पूर्वी ते विचारले जात नव्हते, एवढेच म्हणता येईल.

आता नामदेवांविषयी. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, आणि ही कथा आम्ही सर्वांनी बाळपणी ऐकलेली. कुत्र्याने भाकरी पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. देणारा धावतो आणि घेणारा पुढे पळतो, अशी ही कथा. नामदेव धावले ते स्वतःच्या पुण्यासाठी नव्हे. कोरडी भाकरी त्याच्या घशात अडकेल, ही चिंता त्यांस होती. वैश्वदेवाच्या बलीत किंवा चंपाषष्ठीच्या नैवेद्यात जो प्रश्न आला नाही, तो नामदेवांच्या मनात आला. मी आईस एवढेच म्हटले की, "नामदेवांनी पाहिले ते कुत्र्याच्या घशाकडे. मोतीस दूध सोसत असते तर मीही वाटी घेऊन धावलो असतो."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पथ्य पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू झाले. अंगणातली शेगडी पुन्हा पेटली, मोतीने पुन्हा मान फिरविली, आणि आठ आठवडे पुरे झाल्यावर एकेक पदार्थ देऊन पाहिला. तांदूळ सोसला, जोंधळ्याची भाकरी सोसली. दुधाने मात्र चौथ्या दिवशी खाज परत आली. निर्णय लागला.

आता दुपारचे जेवण झाले म्हणजे आई भाकरीचा चतकोर पाण्यात भिजवून मोतीस घालते. तुपात दुधाचे प्रथिन फारसे उरत नाही, हे कळल्यावर तिने एकदा मला विचारले की, नामदेवांची वाटी तरी चालेल का? मी म्हटले, वैद्यांस विचारून सांगतो. मोती बहुतेक दिवशी घास हुंगून तुळशीपाशी नेऊन ठेवतो आणि संध्याकाळी केव्हातरी खातो. तो खाईपर्यंत ती ओट्यावर बसून राहते.