स्टार्चचं प्लास्टिक चिवट कसं करतात?

काही कंपोस्टेबल पिशव्यांमध्ये मक्याचं किंवा बटाट्याचं स्टार्च असतं. पण नुसत्या स्टार्चची पिशवी केली तर ती पापडासारखी मोडेल. आणि घरी येईपर्यंत फाटणारी पिशवी लोक दुसऱ्यांदा घेत नाहीत, परत पॉलिथिनच मागतात.

आधी एक फरक समजून घ्या. फोनवरची टेम्पर्ड ग्लास कडक असते, पण आपटली की तडकते. सिलिकॉनचं कव्हर मऊ असतं, तरी धक्का पचवतं. तुटण्याआधी वस्तू किती ऊर्जा पचवते, तो तिचा चिवटपणा.

कोरडं स्टार्च तापवलं तर वितळायच्या आधीच करपतं. म्हणून त्यात पाणी आणि ग्लिसरीन घालून एक्स्ट्रूडर मशीनमध्ये गरम करत मळतात. दाणे फुटतात, ग्लिसरीन रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरतं आणि त्या एकमेकींवरून सरकू लागतात. हे झालं थर्मोप्लास्टिक स्टार्च. ग्लिसरीन वाढवलं की लवचिकता वाढते, पण ताकद घटते. शिवाय फ्रिजमधला रात्रीचा भात कडक होतो ना, तसंच इथेही होतं: साखळ्या हळूहळू पुन्हा रांगेत बसतात आणि माल ठिसूळ होतो. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात.

मग दुसरं प्लास्टिक मिसळतात. पीएलए वनस्पतींमधल्या साखरेपासून बनतं, पण स्वतःच ठिसूळ. साधारण १० टक्केही ताणलं जात नाही. पीबीएटी मात्र मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलं जातं. ते बहुतांशी पेट्रोलियमपासून बनतं, तरीही कंपोस्ट होतं (हो, दोन्ही एकदम शक्य आहे!).

खरी गोम पुढे आहे. स्टार्चला पाणी आवडतं, या दोघांना नाही. त्यामुळे मिश्रणात स्टार्चचे गोळे वेगळेच राहतात आणि ताण आला की चीर नेमकी त्यांच्या कडेनं धावते. कितीही मऊ प्लास्टिक ओता, हा सांधा कच्चा असेल तर उपयोग कमीच.

त्यावर उपाय म्हणजे मॅलेइक अॅनहायड्राइड. ते पीएलए किंवा पीबीएटीच्या साखळीवर चिकटवतात. त्याचं मोकळं टोक स्टार्चच्या हायड्रॉक्सिल गटांना रासायनिक बंधानं धरतं. गोळे बारीक होतात, सांधा घट्ट होतो, चिरेला पुढे सरकायला जास्त ऊर्जा लागते. प्रमाण मात्र थोडंच ठेवावं लागतं, नाहीतर साखळ्याच तुटायला लागतात.

यात पैशाचंही गणित आहे. स्टार्च स्वस्त, पीबीएटी महाग. सांधा पक्का असेल तर पिशवी न फाटता स्टार्चचा वाटा वाढवता येतो.